शिंपल्यांचा चुना

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कामावर रुजू झालो. सकाळी मुरगूडहून निघताना आईनं भाजलेल्या शेंगांबरोबर ही कोरी रोजनिशी पिशवीत घातली. रोज लिहीत जा, म्हणजे मन जागेवर राहील, असं तिचं म्हणणं. मला काळजी करायची सवय आहे. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी परत परत बघतो. गावात पोरं त्यावर हसायची. इथं त्याच सवयीनं नोकरी दिली.

प्रयोगशाळा कसबा बावड्याच्या पुढं, शिये रस्त्याला आहे. पूर्वी ती पोल्ट्रीची शेड होती. भिंती पांढऱ्या केल्यात, फरशी घातलीय, तरी कोंबड्यांचा वास कोपऱ्यात राहिलाय. काचेच्या खोलीत एक मोठं यंत्र आहे. त्याला फक्त अनुजा मॅडमनी हात लावायचा. प्रयोगशाळा त्यांचीच. त्यांनी मला काही नावं सांगून चिठ्ठ्यांवर लिहायला लावली. एकही चूक निघाली नाही. बारावीला दोनदा कसा बसलास, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाठ केलेलं विसरतं, बघून केलेलं चुकत नाही. त्या हसल्या. असाच माणूस हवा होता, म्हणाल्या.

राहायला आक्काकडं आहे. पूर्णिमा आक्का माझी मोठी बहीण. तिला पाचवा लागलाय. आधीची दोन्ही तिसऱ्यातच गेली, त्यामुळं घरात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. दाजी, म्हणजे यशराज दाजी, टेम्पो चालवतात. इथली भाजी घेऊन घाट उतरतात आणि येताना मॅडमच्या बर्फाच्या पेट्या घेऊन येतात. माझ्यासाठी त्यांनीच शब्द टाकला. दारात मला बघून म्हणाले, या पावणं, आता मुक्काम वाढवूनच जायचं. आक्का म्हणाली, तू आलास, मला धीर आला.

फार बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पेट्यांत जिवंत शिंपले असतात. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी जुनी जहाजं दुरुस्त करतात. बुडाचा रंग खरवडला की तो पाण्यात जातो. त्या पाण्यातल्या शिंपल्यांत शिसं आणि कॅडमियम किती उतरलंय, हे आपण शोधायचं.

शिंपले दोन जातींचे. एक तिथलेच, हिरव्या कडेचे, त्यांना तिकडं शिनाणे म्हणतात. दुसरे लहान आणि काळपट. ते दुसऱ्या खंडातून जहाजांच्या बुडाला चिकटून आले आणि आता शिनाण्यांच्या खडकांवर बसतायत. मॅडमच्या कागदावर स्थानिक आणि परकीय असं आहे. पण इथले वॉचमन मीरासाबचाचा पहिल्यांना गावठी म्हणतात आणि दुसऱ्यांना पावणं. आता मॅडमच्या तोंडातही तेच बसलंय.

काम असं. शिंपले आधी खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे, म्हणजे ते पोटातली वाळू टाकतात. मग घासून धुवायचे, उघडायचे आणि मांस बाजूला काढायचं. लोखंडी सुरी चालत नाही, तिचंच लोखंड नमुन्यात उतरतं. म्हणून सुरीचं पातं चिनी मातीचं. मांस ओव्हनमध्ये वाळवून खलात बारीक करायचं, चिठ्ठी लावून मॅडमना द्यायचं. पुढं त्या ते आम्लात विरघळवतात. हातात मोजे पाहिजेतच. आत खाणंपिणं बंद. हे नियम मी सुवाच्य लिहून भिंतीला लावले. कवचं मागच्या दाराशी पोत्यात जातात. त्यांचं काही काम नाही.

टाकी खिडकीखाली आहे. शिंपले तोंड किंचित उघडून बसतात. मी जवळ गेलो की माझी सावली पाण्यावर पडते आणि ते मिटतात. गावठी सावकाश, एकेक करून. पावणं मात्र सगळे एकदम. टक् असा बारीक आवाज येतो. मला मजा वाटली, उगाच पुन्हा पुन्हा सावली पाडून बघितली.

पावणं काचेला धाग्यांनी धरून बसतात. एक ओढून बघितला, धागा ताणला, पण सुटला नाही. चाचा मागं उभे होते. म्हणाले, "पावणं एकदा टेकलं की उठायचं नाव घेत न्हाय बघ."

११ नोव्हेंबर, मंगळवार

कवचांची पोती साठत चालली होती. वास येईल, माश्या होतील, असं माझ्या मनात सारखं येत होतं. काल चाचांनीच तो प्रश्न सोडवला. ते तरुणपणी चुन्याच्या भट्टीवर होते. पोतं उघडून त्यांनी एक कवच अंगठ्यानं घासलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गुन्हाच केलाय.

"ह्ये फेकायलाईस व्हय? आरं, असला चुना बाजारात पैसं टाकून मिळायचा न्हाय."

मी मॅडमना विचारलं. त्या फोनवर होत्या. कवचं चाचांनी नेली तर चालतील का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, ज्यांचं काम आहे त्यांनी फक्त मांसाचं विचारलंय, कवचं आवारातून जाऊ देत. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

शेडच्या मागं चाचांनी तेलाच्या एका पत्र्याच्या पिंपाला भोकं पाडली. एक थर गोवऱ्या, एक थर कवचं. दिवसभर आतल्या आत धुमसत ठेवलं. आज सकाळी राख बाजूला करून कवचांवर पाणी शिंपडलं, तशी ती फुसफुसली, फुटली आणि आपोआप पीठ झाली. इतकं पांढरं मी काही बघितलेलं नाही. चाचांनी फडक्यातून गाळून मडक्यात भरलं. हातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, मळली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. गोड हाय, म्हणाले. चुना गोड कसा असेल, असं मी म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, तू खात न्हाईस, तुला काय कळतंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चाचांच्या चुन्याचं नाव झालंय. चहाच्या टपरीवरचे सगळे त्यांच्याकडंच डबी भरून घेतात. दाजींनी टेम्पोत एक ठेवलीय. चाचा कुणाकडून काही घेत नाहीत. टाकायची वस्तू होती, तिचं कसलं मोल, म्हणतात.

शेजारच्या बनाबाई रोज आक्काचे पाय चेपायला येतात. आज त्या म्हणाल्या की पोटातल्या बाळाच्या हाडासाठी रोज दह्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा चुना घ्यावा. त्यांनी स्वतः तिन्ही वेळा घेतला होता, आणि तिन्ही पोरं पैलवान. पण बाजारातला नको, त्यात काय काय भेसळ असते, म्हणाल्या. घरचा, शुद्ध पाहिजे.

मी लगेच म्हणालो, आमच्याकडं आहे.

चाचांनी कडेपर्यंत डबी भरून दिली. वर लेकीसाठी म्हणून दुवा दिली. मी डबीवर चिठ्ठी लावली, सुंदर अक्षरात. आक्कानं दह्यात चुना कालवला, खाल्ला आणि बराच वेळ चमचा तोंडातून काढलाच नाही. कसा लागला, विचारलं. ती म्हणाली, साखर घातल्यागत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आकडे आले. गावठींत शिसं आहे, खाऊ नये इतकं आहे. पावण्यांत त्याच्या कितीतरी पट. एवढं अंगात घेऊन जीव जगायला नको, असं म्हणून मॅडमनी सगळं परत करायला लावलं. मी खल, ओव्हन, चिठ्ठ्या सगळं तपासलं. तेच आकडे आले.

टाकीत गावठी मरायला लागलेत. पावणं तुकतुकीत आहेत. शिवाय दिवसातून दोनदा ते सावलीशिवायच मिटतात आणि काही तासांनी उघडतात. मॅडम म्हणाल्या, ही भरती-ओहोटीची वेळ आहे, ओहोटीला मिटायचं आणि भरतीला उघडायचं, समुद्रातून काढल्यावर काही दिवस त्यांच्या अंगात राहते, मग विसरतात. आमचे पावणं विसरलेले नाहीत.

घरी सगळं छान आहे. आक्काच्या ओकाऱ्या थांबल्या. गालावर मात्र रंग नाही, तो येईल. पहिली डबी संपली, दुसरी नेली. बनाबाईंना आणि गल्लीतल्या बायकांनाही चिठ्ठी लावून एकेक डबी दिली. बोटानं काढून नुसताच चाटते. बनाबाई म्हणाल्या, डोहाळे लागलेत, बाईच्या डोहाळ्याला नाही म्हणू नये.

डब्यात आक्का रोज दहीभात देते. मी हात धुऊन आवाराबाहेर आंब्याखाली बसून खातो. आईचं दही आंबट असायचं. इथलं गोड आहे. डबा पुसून खातो.

८ डिसेंबर, सोमवार

आज एक गोष्ट बघितली. ती जशी घडली तशी लिहितो.

दुपारी चहाला टपरीवर गेलो. बाकावर नेहमीचेच बसले होते, दूधवाले बाळासो, त्यांचे जोडीदार, कडेला चाचा. सगळे चाचांच्या चुन्याचे. कुणीच बोलत नव्हतं. एरवी त्या बाकावर एकमेकांची आईबहीण काढल्याशिवाय चहा खाली उतरत नाही. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, मावळतीकडं, घाटाकडं होती. आणि प्रत्येकाचं तोंड किंचित उघडं होतं.

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. तिची सावली बाकावरून सरकली. सगळ्यांची तोंडं एकदम मिटली.

टक्.

दातांचा आवाज होता. ट्रॉली गेली, ऊन परत आलं, तोंडं हळूहळू उघडली. मग बाळासो काहीतरी बोलले, चाचा हसले, आणि सगळं नेहमीसारखं झालं. मी चहा तसाच ठेवून आलो. पैसे दिले का, हे आठवत नव्हतं म्हणून परत जाऊन देऊन आलो. दिलेले होते.

१६ डिसेंबर, मंगळवार

चाचांना उजवा पंजा उचलता येत नाही. मनगटातून खाली लोंबतो, ओल्या फडक्यासारखा. तंबाखू मळता येईना म्हणून डाव्या हातानं मळत होते. वय झालं, म्हणाले आणि हसले. हसताना हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेनानं ओढल्यासारखी सरळ.

पावण्यांच्या कवचाला आतून, अगदी कडेला, तशीच रेघ असते. मी रोज बघतो.

घरी जाऊन आक्काला म्हणालो, दात दाखव. ती खूप हसली. रेघ होती.

मॅडम कोकणात गेल्यात, फोन लागत नाही. मी चुन्याची डबी उचलून माझ्या ट्रंकेत ठेवली आणि तिला म्हणालो, मॅडम येईपर्यंत खाऊ नकोस. ती भांडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. आवाज न करता नुसतं पाणी गळत होतं. दोनदा गेलंय माझं, ह्या वेळी धरलंय, ते तुला बघवत न्हाय व्हय, असं म्हणाली. बनाबाई धावत आल्या. पोटुशीच्या तोंडातला घास काढतोस, तुला बहिणीची माया हाय का न्हाय, म्हणून त्यांनी मला चार घरांना ऐकू जाईल असं सुनावलं. दाजी मावळतीकडं तोंड करून बसले होते.

मी डबी परत दिली. नखाएवढा चुना तेवढा चिठ्ठी लावून नमुन्याच्या पुडीत ठेवला.

२४ डिसेंबर, बुधवार

मॅडम आल्या. पुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, पावण्यांच्या नमुन्यासारखं हे बघा. हे काय आहे, त्यांनी विचारलं. आधी बघा, म्हणालो.

यंत्राचा आकडा वर जात राहिला. मॅडमनी विरघळवलेला नमुना पातळ करून परत लावला, मग परत पातळ केला. मग खुर्ची मागं सरकवली.

"कृष्णात, हे कुणी खाल्लंय?"

मी सांगितलं. बाक, टपरी, टेम्पो, बनाबाईंचं घर, आक्का. सांगताना कळलं, मला सगळी नावं माहीत नाहीत.

मॅडमनी भिंतीकडं बघितलं. तिथं मी लिहिलेले नियम होते. मग इतकंच म्हणाल्या, "मी मांस बघत बसले. कवच कुणी विचारलंच नव्हतं."

मांसात आहे त्याहून कितीतरी जास्त शिसं पावणं कवचात नेऊन ठेवतात, म्हणून ते जगतात, असं त्यांनी समजावलं. माणसात ते हाडात जातं. पोटातल्या बाळाच्या हाडात सगळ्यात आधी. डोक्यातही चढतं, मग नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. टपरीवर मी बघितलं ते तुम्ही बघितलं असतंत का, असं मला विचारायचं होतं. पण मी तर चुना खात नाही.

चाचांचं पिंप मॅडमनी स्वतः लाथेनं पाडलं. सरकारी दवाखान्यात कळवलं. सरकारी तपासणी झाली की उरलेले पावणं उकळून पुरायचे ठरले. चाचा लांब उभे राहून बघत होते. त्यांना काही वाटल्यासारखं दिसलं नाही. त्यांच्यावर ढगाची सावली आली तेव्हा त्यांनी तोंड मिटलं, एवढंच.

३० डिसेंबर, मंगळवार

आक्काला दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं आहे, फार आहे. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब दाखल करा. मग पोटाची तपासणी केली. पडद्यावर बाळ दिसायला हवं होतं. तिथं नुसता पांढरा गोल होता. डॉक्टरांनी यंत्र पुसलं, दुसरं मागवलं. त्यावरही गोल. ठोके ऐकू येत होते, नीट, ठणठणीत. पण मध्ये काहीतरी कठीण आहे, पलीकडलं दिसत नाही, असं ते म्हणाले आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला गेले.

आक्का पडद्याकडं बघून हसत होती. तिनं माझा हात धरला. तिची बोटं थंड आणि ओली होती.

"घट्ट बसलंय बघ, कृष्णात. आता न्हाय सुटायचं."

डॉक्टर येईपर्यंत ती उठून चालायला लागली होती. दाजींनी टेम्पो चालू ठेवला होता. मी दारात आडवा उभा राहिलो, तर दाजींनी मला एका हातानं बाजूला केलं. रागानं नाही. वाटेतली खुर्ची सरकवावी तसं.

६ जानेवारी, मंगळवार

मीरासाबचाचा गेले. सकाळी टाकीपाशी बसलेले सापडले. डावा हात पाण्यात. पावण्यांनी बोटांना धागे लावले होते. सोडवताना मॅडमना कात्री घ्यावी लागली.

त्यांचा मुलगा तोहिद म्हणाला, मयताची हनुवटी फडक्यानं बांधतात, तोंड उघडं राहू नये म्हणून. अब्बांची बांधावी लागली नाही. त्यांचं तोंड उघडतच नव्हतं.

मयत पोचवून आलो. टाकी रिकामी करायला गेलो, तर ती रिकामीच होती. एकही पावणं नाही. काचेवर नुसते धागे.

८ जानेवारी, गुरुवार

पावणं आमच्या न्हाणीघरात आहेत. दगडी रांजणात. पाणी खारं. दाजींनी आणून सोडलेत, आक्कानं मागितले म्हणून. डोहाळ्याला नाही म्हणू नये, असं दाजी म्हणाले. हळू बोलतात आता, शब्दांच्या मध्ये बराच वेळ थांबतात.

मी पाणी ओतून द्यायला गेलो. आक्का रांजणाला पाठ लावून बसली. हात लावलास तर मी मरीन, म्हणाली. ती खरंच मेली असती. मला ते तिच्या डोळ्यांत दिसलं. मी बादली खाली ठेवली.

आईला फोन केला. ये म्हणालो, लगेच ये.

११ जानेवारी, रविवार

आज डोहाळजेवण झालं. मी नको म्हणत होतो, पण सातवा आहे, करायलाच पाहिजे, असं सगळ्या म्हणाल्या. आई आली होती, तिला काही कळत नव्हतं. लेक फिकी दिसते, एवढंच म्हणत राहिली. अंगणात उन्हात पाट मांडला. आक्काला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. गल्लीतल्या बायका ताट वाढून बसल्या.

ओटी भरायला बनाबाई वाकल्या. त्यांची सावली आक्काच्या पोटावर पडली.

टक्.

पोटातून आला. मी जवळच होतो, हातात नारळाचं ताट होतं. पोटातूनच आला.

आणि अंगणातल्या सगळ्या बायकांची तोंडं मिटली. कुणाच्या हातात घास, कुणाच्या गाण्याची ओळ अर्धी. सगळ्यांचे दात एकदम. फक्त आई इकडंतिकडं बघत होती. काय झालं गं, म्हणत होती.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडेना.

माझे दात घट्ट बसले होते. बनाबाई सरळ झाल्या, ऊन आलं, तेव्हा सुटले.

१२ जानेवारी, सोमवार

आरशात बघितलं. रेघ आहे. बारीक आहे. पण आहे.

मी चुना कधीच खाल्ला नाही. मोजे कधी काढले नाहीत. आत पाणीसुद्धा प्यायलो नाही. सगळं परत परत तपासलं—

दही.

आक्काला विचारलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय येगळं दही लावत हुते व्हय? किती वाळलाईस. घरात एकच विरजण हाय की, चुना त्यातच घालते."

पहिल्या दिवसापासून. डबी मीच आणून दिली, त्या दिवसापासून.

आई जेवायला बसली होती. पहिलाच घास. म्हणाली, दही गोड झालंय गं.

मी ताट ओढलं. सांडलं. आई रागावली. आक्कानं तिला दुसरं वाढलं. मी परत हात पुढं केला, तर दाजी उन्हात आले, त्यांची सावली माझ्यावर— हात तिथंच राहिला. आई खात होती. मी बघत होतो.

१५ जानेवारी, गुरुवार

मॅडम आल्या होत्या. दवाखान्याची गाडी घेऊन. दारात उभ्या राहून हाका मारत होत्या, माझं नाव घेऊन. आम्ही सगळे घरातच होतो. ओहोटीची वेळ होती.

त्या वेळेला हलता येत नाही. ऐकू येतं सगळं. मॅडम रडत होत्या.

उद्या परत येते, म्हणाल्या. पोलीस घेऊन येते.

आईला उठवायला पाहिजे. ती पण मावळतीकडं—

१९ जानेवारी

उजवा पंजा लोंबतोय. डाव्या हातानं लिहितो. अक्षर वाईट येतंय, त्याचं वाईट वाटतं.

मॅडम म्हणाल्या होत्या, नसलेलं दिसतं. मग हे सगळं नसेल. शिसं असेल नुसतं. आक्काच्या पोटात साधं बाळ असेल, दवाखान्यात गेलं तर वाचेल. तसं असलं तरी न्यायलाच पाहिजे. दोन्हीकडून एकच उत्तर येतं. न्यायलाच पाहिजे. मी सांगितलं तिला. ती हसली. पोटावर हात ठेव, म्हणाली.

ठेवला. कठीण आहे. मधोमध एक फट. हाताला लागते, कातडीखाली. हातानं सावली पडली तशी फट—

२० जानेवारी

पोलीस आले की गेले, आठवत नाही. दार वाजलं होतं.

दही खात नाही. तरी जीभ गोड.

२१ जानेवारी

उठल्यावर बोटांत धागे. माझ्या आणि चटईच्या मध्ये. तोडले. उद्या तोडता येतील का—

२२ जानेवारी

खिडकीत बसलोय. पान उन्हात धरलंय. ऊन असलं की हात चालतो. भरती आहे, तोवर लिहितो.

मॅडम, ही वही तुमच्यासाठी. खिडकीतून बाहेर टाकणार आहे. रांजण न्हाणीघरात आहे. डब्या अजून गल्लीत आहेत, कुठं कुठं माहीत नाही. माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे त्यांच्यावर. त्या बघून ओळखा. कुणाला खाऊ देऊ नका. आईनं फक्त थोडंच खाल्लंय, तिला आधी न्या. आक्काला पण. ती नाही म्हणेल, तरी न्या. बाळ असेल, खरं बाळ असेल तर

पाऊल वाजलं. आक्का. हाक मारतीय. कृष्णात, ये बघायला. आवाज आनंदाचा आहे.

ऊन पानभर आहे अजून. एवढं लिहून टाकतो. बाळ खरं असेल तर त्याला

दारात आलीय. हातात काहीतरी धरलंय, पदरात. ओलं आहे, ठिबकतंय. सावली खिडकीपर्यंत. वहीच्या कडेला. टाकायला पाहिजे वही, हात उचल

सावली पहिल्या ओळीवर. मधल्या. बाळ नाही मॅडम ते, ते उघ